खपली पडते, पुन्हा धरते, जखम मात्र तिथेच

पत्र: शेळी ३ वर्षांची, दुभती, वजन साधारण ३५ किलो. ७ आठवड्यांपूर्वी कुंपणाच्या तारेत अडकली आणि डाव्या खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी कातडी फाटली. टाके घातले नाहीत. तेव्हापासून रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओततो, फेस आला की पुसून घेतो आणि वर जांभळा स्प्रे मारतो. दोन वेळा तीन-तीन दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. तेवढ्यापुरती जखम सुकते. खपली धरते, आठवड्याभरात पडते आणि खाली पुन्हा ओलं. आता जखम दोन बोटं रुंद आहे, तेवढीच राहते. खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे, दाबलं की थेंबभर पू येतो. खाणंपिणं व्यवस्थित आहे. आणखी कोणतं मलम लावून बघू?

उत्तर: मलमाचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून तिसरं आहे, ते टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकाचं. धडधाकट शेळीची दोन बोटांची जखम ७ आठवडे औषधावाचून अडून राहत नाही. कातडी स्वतःहून भरत असते. ती थांबली असेल तर तिला काहीतरी अडवतंय. तुमच्या शेळीच्या बाबतीत अडथळे दोन असावेत. एक त्या भोकाच्या तळाशी आहे आणि दुसरा तुमच्या हातातल्या पेरॉक्साइडच्या बाटलीत.

बाटलीचा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी मिटवू. पेरॉक्साइडचा फेस आला की काम झाल्यासारखं वाटतं, पण तो फेस जंतूंपेक्षा रक्त आणि पेशींमुळे जास्त येतो. जखम भरायला ज्या कोवळ्या पेशी तळातून वर येत असतात, त्याही त्यात मरतात. रोज ओतणं म्हणजे रोज नवी जखम. स्पिरिट, टिंक्चर आयोडीन, न पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन, फिनेल यांचंही उघड्या जखमेत हेच होतं. मोरचूद तर अजिबात नको. तो कडेची नवी कातडी जाळतो आणि चाटण्यातून पोटात गेला तर शेळीला विषबाधा होते. जांभळ्या स्प्रेचा दोष वेगळा. त्याच्या रंगाखाली जखम गुलाबी आहे, पिवळी आहे की काळी, हे दिसतच नाही आणि पुढचे सगळे निर्णय रंगावरच घ्यायचे असतात.

आता भोक. जखमेच्या तळाला किंवा कडेला न मिटणारं बारीक छिद्र, त्यातून अधूनमधून पू, अँटिबायोटिक चालू असेतो कोरडं आणि बंद केलं की पुन्हा चालू, याला नाडीव्रण म्हणतात. आत एक नळी तयार झालेली असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी असतं: तारेचा तुकडा, काटा, लाकडाची चीप, आत ओढले गेलेले केस किंवा मेलेल्या मांसाचा गोळा. रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही. म्हणून तीन दिवसांच्या इंजेक्शनांनी भोवतालचे जंतू कमी झाले, मूळ तसंच राहिलं. ती कुंपणाची तार अजून जागेवर असेल तर जाऊन बघा. तुटलेलं टोक जुनं गंजकं आहे की ताजं चमकदार, एखादा काटा पिळातून निघालाय का, जवळच्या लाकडी खांबाची चीप उडालीय का. पाच मिनिटांचं काम आहे, पण डॉक्टरांना "तारेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा सापडत नाही" असं सांगता आलं तर त्यांचा शोध निम्मा होतो.

भोकात स्वतः काडी, सुई, चिमटा घालू नका. मानेच्या बुडाशी मोठी शीर जवळून जाते आणि छातीची पोकळीही फार लांब नसते. त्याच कारणाने भोकात सिरिंज टेकवून जोराने पाणीही मारू नका. पाण्याबरोबर पू मांसाच्या थरांमध्ये पसरतो.

जागेमुळे आणखी एक शंका घ्यावी लागते. खांद्याच्या पुढे, नेमकी तुम्ही सांगता त्या पट्ट्यात, एक मोठी लसिकाग्रंथी असते. शेळ्यांमध्ये ग्रंथींत गाठी पिकवणारा एक चिवट संसर्गजन्य आजार आहे. कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस नावाच्या जंतूमुळे तो होतो. जबड्याखाली, कानाच्या खाली, खांद्याच्या पुढे, जांघेच्या पुढच्या घडीत आणि कासेच्या वर या त्याच्या ठरलेल्या जागा. जंतू शिरतो बहुतेकदा लहानशा जखमेतून आणि गाठ दिसते आठवड्यांनी-महिन्यांनी. तुमच्या शेळीला तारेने फाटलं हे खरंच असणार, पण जुनी गाठ त्याच जागी होती आणि तारेने ती फोडली, असंही असू शकतं. पू पातळ की घट्ट ते तुम्ही लिहिलं नाही. पातळ, पाणचट, वासाचा पू परक्या वस्तूकडे आणि इतर जंतूंकडे बोट दाखवतो. टूथपेस्टसारखा घट्ट, पिवळसर किंवा हिरवट आणि फारसा वास नसलेला पू असेल तर ग्रंथीचा आजार धरून चाला. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

खात्री होईपर्यंत हातमोजे घालूनच ड्रेसिंग करा, कारण हा आजार क्वचित माणसालाही होतो. काढलेला गॉज आणि कापूस जाळा. पू गोठ्यात, दावणीत, खांबावर पडू देऊ नका. हा जंतू मातीत आणि लाकडावर महिनोन्‌महिने टिकतो. शेळी वेगळी ठेवा, पण एकटी नको. कुंपणापलीकडे दुसरी शेळी दिसेल आणि अंगाला अंग लागणार नाही, अशी. एकट्या पडलेल्या शेळ्या ओरडतात, खाणं सोडतात, सारख्या उड्या मारतात आणि जखम पुन्हा उघडते.

डॉक्टरांकडे जाताना "औषध द्या" म्हणण्याऐवजी काय करून हवंय ते सांगा. भूल देऊन भोक उघडून तळापर्यंत शोध. त्याआधी शक्य असेल तर एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही, कारण तार एक्स-रेमध्ये दिसते, लाकूड आणि काटा सहसा दिसत नाहीत. ते सोनोग्राफीत सापडतात. आतल्या पुवाची कल्चर तपासणी, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं. नमुना वरवरच्या ओलाव्याचा नको, जखम धुतल्यावर खोलातला हवा. तो घेण्याआधी काही दिवस अँटिबायोटिक बंद असलेलं बरं. तुमचं सध्या बंद असेल तर उगाच चालू करू नका. आणि कडा जाड, गुंडाळलेल्या, फुलकोबीसारख्या दिसत असतील तर कडेचा छोटा तुकडा बायोप्सीला. तो जखमेच्या मधून घेऊन उपयोग नाही, निम्मा जखमेचा आणि निम्मा चांगल्या कातडीचा लागतो. कातडीचा कर्करोग शेळ्यांमध्ये बहुधा कान, कास, शेपटीखालची जागा अशा उघड्या, बिनकेसांच्या, फिकट कातडीवर होतो. खांद्यावर शक्यता कमी, पण नाही असं नाही.

भूल द्यायच्या आधी वजन अंदाजाने नको, काट्यावर करा. शेळी झायलाझिन या गुंगीच्या औषधाला फार संवेदनशील असते. घोड्याच्या हिशोबाचा डोस तिच्यासाठी कितीतरी जास्त होतो. बधिर करायच्या लिग्नोकेनलाही मर्यादा आहे, साधारण किलोला ५ मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या औषधात मिलीलीटरमागे २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तुमच्या शेळीला पावणेनऊ मिलीच्या वर नाही. हे डॉक्टरांना माहीत असतंच. तुम्हाला सांगायचं कारण एवढंच की घरातला ज्याच्या घटकाच्या नावाला शेवटी "केन" आहे असा दुखरेपणा घालवणारा स्प्रे किंवा मलम उघड्या जखमेवर सढळ हाताने वापरू नका. शेळी गाभण असण्याची शक्यता असेल तर तेही आधीच सांगा, आणि चारा किती तास तोडायचा ते विचारून घ्या.

अडथळा निघाल्यावर घरचं काम सुरू होतं. तोवरही जखम धुण्याची पद्धत हीच ठेवा.

एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ. काटा नसेल तर दीड सपाट चहाचा चमचा. हे सलाईनच. झाकून ठेवा, रोज नवं करा. जंतुनाशक हवंच असेल, म्हणजे पू आणि वास आहे तोवर, तर १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन लिटरला १० मिली. रंग फिक्क्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. गडद तांबडा झाला तर जास्त झालं. किंवा २ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन लिटरला २५ मिली, पण हे साध्या पाण्यात, मिठाच्या पाण्यात साका धरतो. दोन्हींपैकी एकच वापरा. पू थांबला की दोन्ही बंद करून फक्त सलाईन. पाणी अंगाइतकं कोमट हवं, कारण थंड पाण्याने जखमेतल्या पेशींचं काम मंदावतं.

केस कापायला लागतात, भोवती ३-४ सेंटीमीटर. कात्री लावण्याआधी सलाईनमध्ये भिजवलेला गॉज जखमेत भरून ठेवा किंवा पाण्यात विरघळणारी जेली चोपडा. कापलेले केस त्यालाच चिकटतात आणि जेली धुतली की सगळे निघून जातात. हे न केल्यामुळे जखमेत पडलेले केस हे स्वतःच नव्या नाडीव्रणाचं कारण ठरतात.

मग २० मिलीची सिरिंज, १८ नंबरची सुई, जखमेपासून चार-पाच सेंटीमीटरवर आणि तिरकी धरून धार मारा. या जोडीने जो दाब येतो तो चिकट थर सोडवायला पुरतो आणि मांसात पाणी घुसवत नाही. सुईचं टोक शेळीकडे असतं आणि शेळी झटका देते, म्हणून एकाने डोकं धरायलाच हवं. अर्धा ते एक लिटर पाणी जाऊ द्या. शेळीवर बादली रिकामी करण्यापेक्षा ही धार बरी. भोवतालची कातडी पुसून कोरडी करा. पू ओघळतो त्या खालच्या बाजूला झिंक ऑक्साइडचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या, नाहीतर ती कातडी सोलवटते आणि जखम वाढतेय असं वाटतं.

खपलीचं काय करायचं? कोरडी, कडेला घट्ट बसलेली आणि खाली दाबून काही हलत नसेल तर तिला हात लावू नका. खाली डबडब लागत असेल किंवा कडेतून ओलं येत असेल तर ती खपली नव्हे, पुवावरचं झाकण आहे. सलाईनचा ओला गॉज १० मिनिटं ठेवा, मऊ झाली की सोडवा. ओरबाडून काढली तर तिच्या पोटाला चिकटलेली कडेची नवी कातडी बरोबर येते. तुमच्याकडे दर आठवड्याला बहुधा हेच होतंय.

आता जखमेकडे उजेडात नीट बघा. तळ गुलाबी-लाल, बारीक दाणेदार, ओला पण चिकट नाही आणि गॉज जरा लागला की रक्ताचे ठिपके येतात, तर मांस चांगलं भरतंय. ते रक्त बघून घाबरून पेरॉक्साइडकडे वळू नका. कडेला पांढरट-गुलाबी, ओल्या कागदासारखी झिरझिरीत किनार दिसली तर कातडी सरकायला लागली. पिवळा बुळबुळीत थर म्हणजे मेलेलं मांस, काळा चामट म्हणजेही तेच. ते काढावं लागतं. फिकट, पाणी भरल्यासारखं मांस असेल तर रक्त कमी किंवा आत अजून काहीतरी आहे. आणि मांस कडेच्या वर फुगून आलं तर कातडीला तो चढ चढता येत नाही. डॉक्टर ते छाटून सपाट करतात. त्या मांसात जाणीव नसते, पण रक्त भरपूर येतं, म्हणून घरी ब्लेड घेऊन बसू नका.

मलम आता. स्वच्छ तळाला मलम लागतंच असं नाही, ओलावा लागतो. साधा हायड्रोजेल (जखम ओली ठेवणारी पाणीदार जेली) किंवा जखमांसाठी निर्जंतुक केलेला मध यांचा पातळ थर आणि वर न चिकटणारा गॉज. मधाने सूज उतरते, जंतू वाढत नाहीत, पिवळा थर सुटायला मदत होते. पण मध उघडा ठेवला तर माश्यांना आमंत्रण. झाकता येत नसेल तर वापरू नका. माणसांच्या कातडीची मलमं लावण्याआधी ट्यूबवरचे घटक वाचा. खाज-गजकर्णाच्या पुष्कळ मलमांत अँटिबायोटिकबरोबर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड असतं. लाली लगेच उतरते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो, आणि जखम भरणं तिथेच थांबतं. कोणतीही पूड, राख, माती जखमेत नको. न विरघळणारा प्रत्येक कण शरीराला बाहेरचा पाहुणाच.

खांद्याच्या पुढे पट्टी टिकत नाही, ही तुमचीही अडचण असणार. जुना सुती टी-शर्ट घ्या. पुढचे पाय बाह्यांतून, मान गळ्यातून काढा. छापील पुढची बाजू पाठीवर येईल असा घाला, म्हणजे छातीकडे गळा उंच राहतो. उरलेलं कापड पाठीवर गोळा करून गाठ मारा. आत गॉज, त्यावर कापसाची गादी, वरून शर्टाचा हलका दाब. काखेत आणि गळ्याशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. शर्ट ओला झाला की लगेच बदला. ओलं कापड उघड्या जखमेपेक्षा वाईट. सुरुवातीला ड्रेसिंग रोज, पाझर कमी झाला की एक दिवसाआड, मग दर तीन दिवसांनी. रोज उघडून बघायची हौस आवरा, दर वेळी जखम गार पडते आणि नवी किनार ओढली जाते. गाठीचं टोक लोंबत ठेवलंत तर शेजारची शेळी ते चावून शर्ट उतरवेल.

ही जागा हलती आहे. शेळी मान खाली घालून चरते तेव्हा दर वेळी जखमेच्या कडा ताणल्या जातात. चारा आणि पाणी छातीच्या उंचीवर ठेवा, तीनेक आठवडे लहान जागेत ठेवा. गळ्यातलं दावं, घंटा, पट्टा काढून टाका. पट्टा नेमका त्या जागी घासत असेल तर बाकी सगळं करूनही काही होणार नाही.

माश्या बसल्या तर अंडी दिवसाभरात फुटतात. अळ्या दिसल्या तर चिमट्याने एकेक काढा, धुवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधा; पहिल्या दिवशी लहान असलेल्या हाताला लागत नाहीत. टर्पेंटाइन आत ओतू नका, अळ्यांबरोबर मांसही जळतं. अळ्या खोल असतील तर डॉक्टरांकडचं इंजेक्शन लागतं.

खाणंपिणं व्यवस्थित आहे असं तुम्ही म्हणता, पण शेळी दुभती आहे, अंगातलं दुधात जातंय. खालची पापणी उलटून बघा. लालसर-गुलाबी हवी. फिकट गुलाबी-पांढरी असेल तर पोटात जंत आणि अंगात रक्त कमी, अशा वेळी लेंडी तपासून जंतनाशक द्यायला हवं. पाठीचा कणा हाताला टोचत असेल तर प्रथिनं वाढवा. पायांवर, नाकाभोवती, कानांवर खवले आणि केस जाणं असेल तर जस्ताची कमतरता तपासा. नुसत्या लसूणघासावर असलेल्या शेळ्यांत कॅल्शियम जास्त होतं आणि ते जस्त शोषू देत नाही. खनिज मिश्रण शेळ्यांचं आहे ना, हेही बघा. मेंढ्यांच्या मिश्रणात तांबं मुद्दाम कमी ठेवलेलं असतं आणि शेळीला ते पुरत नाही.

धनुर्वाताची लस झालीय का? तारेची खोल, हवा न लागणारी जखम म्हणजे त्या जंतूची आवडती जागा. लस नसेल तर ती आणि तात्पुरतं संरक्षण देणारं अँटिटॉक्सिन याबद्दल शोध-शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा. लसीचे पहिले दोन डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने आणि मग दर वर्षी एक.

दर आठवड्याला एक काम न चुकता करा. जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरून मार्करने कडेची रेघ मारा, तारीख टाका, जपून ठेवा. रोज बघणाऱ्या डोळ्याला बदल कळत नाही. एकावर एक ठेवलेल्या दोन रेघा खोटं बोलत नाहीत. भोक मिटल्यावर दुसऱ्या आठवड्यात रेघ आत आलीच पाहिजे. सलग दोन आठवडे रेघ जिथल्या तिथे असेल तर मलम बदलू नका, डॉक्टरांकडे परत जा.

ताप ४० अंश सेल्सियसच्या वर (शेळीचा साधारण ३८.५ ते ३९.५ असतो), चारा सोडणं, जखमेभोवती कातडी दाबल्यावर कुरकुर वाजणं, सडका वास, पाय ताठ टाकणं किंवा जबडा न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि अँटिबायोटिक पुन्हा दिलं तर दूध किती दिवस वापरायचं नाही ते विचारून लिहून ठेवा.

जखम मिटली म्हणजे कातडी पहिल्यासारखी झाली असं नाही. पहिल्या ३ आठवड्यांत नव्या कातडीची ताकद मूळच्या पाचव्या हिश्श्याएवढीच असते, आणि पुढेही ती पुरती परत येत नाही. केस बहुधा पांढरे उगवतील, ते चालायचंच. पण जखम मिटल्यानंतर किमान दोन महिने गळ्यातलं दावं त्या जागेवरून जाऊ देऊ नका, आणि ती तार आजच वळवून किंवा कापून टाका.